जगलेली कलमे मोजू या

सन १८७५ मधील गोष्ट आहे. दापोली तालुक्यातील मुरुड गावचा सतरा वर्षांचा एक मुलगा सरकारी परीक्षा देण्यासाठी साताऱ्यास निघाला. गाडीरस्त्याची सोय नव्हती, दिवस पावसाचे होते आणि मध्ये सह्याद्री उभा होता. सोबत्यांसह डोंगर चढून व शंभराहून अधिक मैलांची वाट पायी तुडवून तो साताऱ्यास पोहोचला. तेथे वय विचारण्यात आले. अंगकाठी लहान होती. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्याच कारणावरून त्याला परीक्षेस बसू देण्यात आले नाही, आणि आलेल्या वाटेने तो परत फिरला. हा मुलगा म्हणजेच पुढे महर्षी या नावाने ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे होत. १९५८ साली भारतरत्न हा किताब देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

कर्व्यांनी हार मानली नाही, म्हणून ही हकिगत आपल्याला ठाऊक आहे. परंतु असे हेलपाटे घालून निमूटपणे घरी परतलेली, पुन्हा न गेलेली माणसे किती असतील? त्यांच्या हकिगती कोणी लिहून ठेवल्या नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात आज रस्ते झाले आहेत, १९९८ पासून कोकण रेल्वे धावत आहे, घरोघरी दूरध्वनी खिशात आला आहे. तरीही डोंगरावरच्या वाडीतून उतरून तालुक्याच्या कचेरीत गेलेले माणूस ‘एक कागद कमी आहे’ हे शब्द ऐकून संध्याकाळच्या एस.टी.ने परत येते, हे दृश्य संपलेले नाही. हे हेलपाटे कसे थांबतील, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. नव्या योजनेची मागणी येथे करावयाची नाही. ज्या योजना आहेत त्या ज्याच्यासाठी आहेत त्याच्या हाती पडाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

जिल्ह्याची ठेवण

कोणतेही पीक घेण्यापूर्वी शेतकरी जमीन पाहतो. तसेच लोकसेवेची घडी बसविण्यापूर्वी जिल्ह्याची ठेवण पाहणे जरूर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, ती १६,९६,७७७ होती. म्हणजे दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी ऐंशी हजारांहून अधिक कमी झाली. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. शंभरांतील सुमारे चौऱ्याऐंशी माणसे खेड्यात राहणारी होती. या आकड्यांचा अर्थ उघड आहे. कमावता पुरुष मुंबई, ठाणे, पुण्याकडे गेलेला आहे. मागे राहिलेल्या घरात म्हातारी माणसे, बायका व मुले आहेत. शेत करणारे हात एकीकडे आणि सात-बारावरील नावे दुसरीकडे, अशी आपली स्थिती आहे.

दुसरी गोष्ट वस्तीची. देशावरचे गाव एका पांढरीत वसलेले असते; चावडीवर दवंडी दिली की गावभर ऐकू जाते. कोकणातील गाव वाड्यावाड्यांनी विखुरलेले असते. एक वाडी खाडीकाठी, दुसरी कातळावर, तिसरी डोंगराच्या माथ्यावर. मधे पऱ्ह्या, साकव आणि पाखाडी. पावसाळ्यात, जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तेथे, शेजारची वाडीसुद्धा दूरची होते. अशा गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावली म्हणजे गावाला कळविले, असे मानणे ही स्वतःची फसवणूक होय. तालुक्याचे नाव संगमेश्वर असले तरी कचेरी देवरुखास आहे. राजापूर तालुक्यातील किनाऱ्यावरच्या माणसाला राजापूर गाठावयाचे तर दिवस मोडतो. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या दृष्टीने प्रत्येक हेलपाटा म्हणजे गाडीभाडे अधिक एका दिवसाची बुडालेली मजुरी. जी सेवा फुकट म्हणून सांगितली जाते, तिची खरी किंमत ही आहे.

तीस दिवस

एक उदाहरण घेऊ. माणसे कल्पनेतील आहेत. परंतु ग्रामीण कार्यकर्त्यांना ती ओळखीची वाटतील. एका वाडीतील कुटुंबाचा कर्ता पुरुष आंब्याच्या झाडावरून पडून दगावला. मागे पत्नी, दोन मुले व सासू. त्या पत्नीला आपण सखूबाई म्हणू.

शेतकऱ्याला असा अपघाती मृत्यू आला असता त्याच्या वारसांना दोन लाख रुपये सानुग्रह अनुदान देणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना महाराष्ट्रात आहे. २०२३ पासून ही मदत विमा कंपनीमार्फत न देता शासन थेट देते. झाडावरून पडणे, सर्पदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे असे आपल्याकडे नेहमी घडणारे अपघात तीत येतात. सात-बारावर स्वतःचे नाव नसलेल्या कुटुंबातील एका व्यक्तीलाही संरक्षण आहे. मात्र सर्व कागदांसह प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो.

आता हे तीस दिवस सखूबाईच्या घरी कसे जातात ते पाहावे. पहिले तेरा दिवस सुतकाचे व क्रियाकर्माचे. मुंबईची माणसे येतात व जातात. पाऊस जवळ आलेला असतो. तरवा पेरला नाही तर वर्षाचे भात जाते, म्हणून ती शेताकडे धावते. पोलिसांना वर्दी दिली होती काय, पंचनामा व शवविच्छेदन झाले काय, हे दुःखाच्या घाईत कोणी विचारलेले नसते. सात-बारा अद्याप आजेसासऱ्याच्या नावावर असतो. योजनेचे नाव तिच्या कानी पडते तेव्हा एकतिसावा दिवस उलटलेला असतो.

येथे कोणी लाच मागितली नाही, कोणी अडवणूक केली नाही. प्रत्येकाने आपापले काम नियमाने केले आणि तरीही दोन लाख रुपये एका गरीब घरात आले नाहीत. सेवेतील मोठी गळती अशीच असते. ती भांड्याला पडलेल्या भोकातून होत नाही. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना होते. मृत्यूची खबर एका दप्तरात आली, शेताची नोंद दुसऱ्यात राहिली, मदतीचा नमुना तिसऱ्यात होता, आणि तिन्ही दप्तरांच्या मधली वाट त्या बाईने एकटीने चालावी, अशी अपेक्षा आपण ठेवली.

ग्रामसेवक कशासाठी आला

ही वाट चालण्यासाठीच तर ग्रामसेवक निर्माण झाला होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला, तेव्हा शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार या प्रत्येक खात्याचा वेगळा माणूस खेड्यात पाठविण्याऐवजी या सर्वांचा दुवा असलेला एकच बहुउद्देशीय कार्यकर्ता असावा, ही कल्पना पुढे आली. खेडुताने खाती ओळखू नयेत, आपला ग्रामसेवक ओळखावा, हा तिचा गाभा होता. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने, लोकांच्या निवडून दिलेल्या संस्थांकडे अधिकार सोपविल्याखेरीज हे काम लोकांचे होणार नाही, असे सांगितले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या.

तेव्हापासून खाती वाढली, योजना वाढल्या, नमुने वाढले. २०२४ साली ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव देण्याचे ठरले. तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. पुढे कृषी सहायकाचेही पदनाम बदलले. नाव मानाचे असावे, याबद्दल दुमत नाही. परंतु दुवा होण्याचे मूळ काम नव्या नावाखाली पुन्हा उभे राहिले, तरच त्या नावाला अर्थ येईल.

एक धडा आपल्याच डोंगरउतारावर

हे काम होऊ शकते याचा पुरावा शोधण्यासाठी दूर जावयास नको. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला. आज रत्नागिरी जिल्ह्यात वरकस जमिनीवर आणि कातळावर आंबा-काजूची जी हिरवळ दिसते, तिच्यात या कार्यक्रमाचा वाटा मोठा आहे. त्याच्या यशाची कारणे अनेक सांगता येतील. त्यांतील एक विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. अनुदान एकदम दिले जात नसे. खड्डे खणले, कलमे लावली म्हणून सर्व पैसे मिळाले, असे नव्हते. पुढील वर्षी किती कलमे जगली ते पाहून पुढचा हप्ता मिळे. त्यामुळे शेतकऱ्याने उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून कलमे वाचविली, आणि पाहणी करणाऱ्याला बांधापर्यंत चढून जावे लागले.

लोकसेवेत मात्र आपण अद्याप लावलेली कलमेच मोजतो. किती अर्ज वाटले, किती शिबिरे घेतली, किती लाभार्थी ‘मंजूर’ झाले, हे आकडे प्रत्येक सभेत वाचले जातात. पैसा त्या बाईच्या हाती पडला काय, आणि सहा महिन्यांनी तो अजून पडतो आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. संजय गांधी निराधार योजनेतील मासिक अनुदान २०२३ साली १,५०० रुपये करण्यात आले. मंजुरीच्या यादीत नाव असले, पण हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही, किंवा बँकेचे खाते आधारशी जोडलेले नाही, किंवा भाताच्या लावणीत व जांभा दगडाच्या खाणीत झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने ओळखला नाही, तर ते अनुदान थांबते. कलम लावल्याची नोंद वहीत असते आणि कलम वाळलेले असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, येथून पुढे जगलेली कलमे मोजावीत.

काय करता येईल

पहिली गोष्ट, वाडी हे माप धरावे. जिल्ह्यात आठशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. वाड्या त्याच्या अनेक पट आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीत वाडीवार एक साधी वही असावी. तीत प्रत्येक घरातील वृद्ध, विधवा, दिव्यांग, गरोदर स्त्री व शाळेत न जाणारे मूल यांची नोंद असावी, आणि त्यापुढे कोणती सेवा मिळते व कोणती मिळत नाही हे लिहावे. ही माहिती नव्याने गोळा करण्याची गरज नाही. आशा ताईंना गरोदर स्त्री ठाऊक आहे, अंगणवाडी सेविकेला मूल ठाऊक आहे, रास्त भाव दुकानदाराला शिधापत्रिका ठाऊक आहे. प्रत्येकाची वही वेगळी आहे, हाच काय तो दोष. महिन्यातून एकदा या सर्वांनी एकत्र बसून वह्या ताडून पाहिल्या, तर कोणते घर सुटले ते एका तासात कळेल. ब्राझील देशाच्या सिआरा प्रांतात १९८७ साली दुष्काळाच्या वेळी त्याच वस्तीतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून नेमण्यात आले आणि ठरलेल्या घरांना दरमहा भेट देण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. पुढे ती पद्धत त्या सर्व देशाने स्वीकारली. आपल्याकडे सेविका आहेत. त्यांच्या माहितीचा उपयोग करून घेण्याची घडी मात्र बसलेली नाही.

दुसरी गोष्ट, ठरलेला वार. १९८० च्या दशकात कृषिखात्याने ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धती चालविली, तेव्हा कार्यकर्ता कोणत्या दिवशी कोणत्या गावी येणार हे आधीच ठरलेले असे. तिच्यात उणिवा होत्या. परंतु ‘अमुक वारी माणूस भेटेल’ हा भरवसा ही तिची जमेची बाजू होती. महसूल, ग्रामपंचायत व कृषी या तिघांनी पंधरवड्यातून एक वार एकाच ठिकाणी एकत्र बसावे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका दारी, रहिवासी दाखल्यासाठी दुसऱ्या दारी व प्रस्तावासाठी तिसऱ्या दारी जाण्याचे तीन दिवस एका दिवसावर येतील. पावसाळ्याचे चार महिने हा वार आळीपाळीने दूरच्या वाडीतील शाळेत ठेवावा. २०२३ साली ‘शासन आपल्या दारी’ या नावाने मोठी शिबिरे झाली व पुष्कळांना त्यांचा लाभ मिळाला. परंतु शिबीर हा वळवाचा पाऊस होय. त्याने माती भिजते. शेती मात्र नेमाने येणाऱ्या पाण्यावर होते.

तिसरी गोष्ट, पोचपावती आणि मुदत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. अधिसूचित सेवेचा अर्ज दिला की पोच मिळणे, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे, आणि अर्ज नाकारल्यास कारण लेखी मिळणे, हा नागरिकाचा हक्क या कायद्याने मानला आहे. सेवेची फी व मुदत सांगणारा फलक कचेरीत लावणे बंधनकारक आहे. मुदतीत काम न झाल्यास कचेरीतील वरिष्ठांकडे प्रथम व द्वितीय अपील आणि त्यानंतर आयोगाकडे अपील करता येते. कसूर सिद्ध झाल्यास पाचशे ते पाच हजार रुपये शास्तीची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. तथापि ‘एक कागद कमी आहे’ असे तोंडी सांगून अर्जच न घेतला, तर मुदत सुरूच होत नाही व कायदा दाराबाहेर उभा राहतो. यास्तव प्रत्येक कचेरीने एक नियम स्वतःला घालून घ्यावा. अर्ज आधी घ्यावा, पोच द्यावी, आणि जे कागद कमी असतील ते सर्व एकाच वेळी, एकाच चिठ्ठीवर लिहून द्यावेत. दुसऱ्या खेपेस तिसरा कागद मागू नये. या नियमास पैसा लागत नाही.

चौथी गोष्ट, मृत्यूची नोंद ही सेवेची सुरुवात मानावी. जन्म व मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी, असा १९६९ चा कायदा आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद झाली, की त्याच बैठकीत पाच प्रश्न विचारले जावेत. अपघात होता काय? शेत कोणाच्या नावे आहे? शिधापत्रिकेत बदल करावयाचा आहे काय? मागे विधवा अथवा निराधार कोणी आहे काय? दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्त्याच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या वीस हजार रुपयांच्या राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्यास हे घर पात्र आहे काय? या प्रश्नांची उत्तरे त्या त्या खात्याकडे त्याच दिवशी जावीत. माणूस मुंबईस वारला असेल तर दाखला तेथील महापालिकेचा असतो. अशा वेळी गावच्या पोलीस पाटलाने किंवा वाडीच्या प्रमुखाने खबर द्यावी. असे झाले, तर सखूबाईचे तीस दिवस वाया जाणार नाहीत.

पाचवी गोष्ट, वारसनोंद. आपल्या जिल्ह्यात सेवा अडते ती बहुधा सात-बारापाशी. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुळ जमिनीचे मालक झाले. पण पुढील पिढ्यांच्या नोंदी झाल्या नाहीत. एका सात-बारावर वीस-पंचवीस नावे, त्यांतील निम्मे मृत आणि उरलेले चाकरमानी, ही सर्रास आढळणारी स्थिती होय. शेतकऱ्यास वर्षाला सहा हजार रुपये देणारी केंद्राची सन्मान योजना २०१९ साली आली; २०२३ साली राज्याने तितकीच भर घातली. परंतु जो प्रत्यक्ष नांगर धरतो त्याचे नाव कागदावर नसल्याने हे पैसेही त्याला मिळत नाहीत. शासनाने २०२५ साली ‘जिवंत सात-बारा’ मोहीम हाती घेऊन मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम राज्यभर केले. हा उपक्रम अत्यंत स्तुत्य आहे. कोकणापुरती त्यात एक सुधारणा सुचवावीशी वाटते. आपले वारस गावी असतात ते गौरी-गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. म्हणून वारसनोंदीची बैठक त्या दिवसांत ठेवावी. कर्मचाऱ्यांनाही सण असतो, हे आम्ही विसरत नाही. गौरी-विसर्जनानंतरचे दोन दिवस, किंवा पालखी घरोघर फिरून झाल्यानंतरचे दोन दिवस पुरेसे आहेत, आणि त्याबद्दल त्यांना बदली रजा मिळणे न्याय्य आहे. जी सही मिळविण्यासाठी वर्षभर पत्रे पाठवावी लागतात, ती त्या दिवशी ओटीवर मिळते.

याच संदर्भात निसर्ग वादळाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या त्या वादळाने दापोली व मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. हेक्टराच्या मापाने मदत काढू गेले तर दहा गुंठ्यांच्या दाट वाडीस हाती काहीच लागेना. तेव्हा झाडे मोजून मदत द्यावी, ही मागणी झाली व ती मान्य करण्यात आली. माप जागेप्रमाणे बदलता येते, हे त्यावरून दिसले. हीच बुद्धी संकट नसतानाही वापरावी.

कार्यकर्त्यांची बाजू

हे वाचून एखादा कार्यकर्ता म्हणेल की, लिहिणे सोपे आहे. एकाकडे दोन-दोन, तीन-तीन ग्रामपंचायती, पदे रिकामी, सकाळी एक अहवाल, दुपारी दुसरा, संगणकाची वाट बंद पडली की लोकांचा राग आमच्यावर. हे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. म्हणूनच वर सुचविलेल्या गोष्टींत नवा अहवाल एकही नाही. उलट, तीच माहिती चार खात्यांना चार नमुन्यांत देणे थांबले, तर कार्यकर्त्याचा वेळ वाचेल. जिल्हा परिषदेने वर्षातून एकदा आपले सर्व नमुने समोर ठेवावेत आणि ज्या नमुन्यावरून कोणताही निर्णय घेतला जात नाही तो बंद करावा. डोंगरी भागात वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीवर तीस हजारांना एक, असा भेद आरोग्यखात्याने फार पूर्वी मान्य केला आहे. महसूल व ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचा वाटा ठरवितानाही डोंगर आणि वाड्या मोजणे न्यायाचे होईल.

दुसरे कोणी म्हणतील, आता सर्व काही संगणकावर आले आहे. घरबसल्या अर्ज करता येतो. तरुण शिकलेल्या माणसाला ते खरे आहे आणि त्याचे हेलपाटे कमीही झाले आहेत. परंतु ज्या वाडीत दूरध्वनीला कातळावर चढल्याशिवाय आवाज मिळत नाही, आणि ज्या घरात सत्तर वर्षांची म्हातारी एकटीच आहे, तेथे यंत्राच्या पलीकडे माणूस असणे अपरिहार्य आहे. यंत्राने कागद जलद जातो. कागद कोणता हवा, हे सांगणारा शेजारी लागतोच.

शेतकऱ्यांचे कर्तव्य

सारा भार कर्मचाऱ्यांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेण्याचे कायद्याने ठरवून दिले आहे आणि त्यांपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. त्या सभांना आपण किती जातो? ज्या गावात पालखीच्या मानासाठी शंभर माणसे एकत्र येतात, तेथे निराधारांची यादी वाचली जाते तेव्हा वीस माणसे नसावीत, हे शोभणारे नाही. प्रत्येक ग्रामसभेत मिळालेल्यांची यादी वाचली जाते. त्यासोबत उरलेल्यांची यादीही वाचण्याचा आग्रह गावकऱ्यांनी धरावा. ‘आपल्या गावात पात्र असून न मिळालेले कोण?’ एवढा एकच प्रश्न दरवेळी विचारला, तर वर्षभरात गावाचा चेहरा बदलेल.

घरातील कागद एका पिशवीत नीट ठेवावेत. वारसाची नोंद मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत कळवावी. भाऊबंदकीचा वाद असला तरी नाव लावण्यास आड येऊ नये, कारण नाव लागल्याने वाटणी होत नसते. अपघाती मृत्यू झाला तर दुःख कितीही असो, पोलिसांना वर्दी देण्यास चुकू नये. मधल्या माणसास पैसे देऊन दाखला आणू नये. तेच काम ठरलेल्या फीमध्ये होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या वाडीतील दोन म्हाताऱ्या माणसांचे कागद आपल्याकडे घ्यावेत. आवाठातले एक घर नांगराला बैल नसला की आपण बैल देत होतो. कागदाच्या कामातही तोच शेजारधर्म पाळावा.

कर्वे पुढे साताऱ्याचा तो दिवस विसरले नाहीत. पण त्यांनी राग धरून ठेवला नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, म्हणजे ज्या गावात शाळा नाही तेथे शाळा न्यावी. मुलाने शंभर मैल चालून शाळेकडे जाण्यापेक्षा शाळेने मुलाकडे चालत यावे, हा त्याचा अर्थ.

शेतकरी बंधुभगिनींनो व ग्रामीण कार्यकर्त्यांनो, येत्या हंगामात एवढा संकल्प करू या. आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतील सर्वांत दूरची वाडी निवडावी, तिच्यातील प्रत्येक घरी एकदा जावे आणि कोणाचे कोणते कलम वाळले आहे ते वहीत लिहून आणावे. तेथून परतताना हाती जी यादी असेल, तीच आपल्या पुढील वर्षाच्या कामाची खरी योजना होय.